लिफ्टवाल्याचा जुळा भाऊ

वेबकॉमिकच्या जगातल्या बातम्या देणारं एक पान वहिनी चालवायची. कोणाचं कॉमिक नव्याने सुरू झालं, कोण दमून सुट्टीवर गेलं, कोणाच्या नायिकेने एकाएकी केस का कापले, हे सगळं तिथे वाचायला मिळायचं. वाचक त्या पानावर डोळे मिटून विश्वास ठेवत, कारण चित्रकाराला विचारल्याशिवाय वहिनी एक ओळ छापत नसे.

पंचाईत एकाच कॉमिकची होती. लिफ्ट दुरुस्त करणाऱ्या माणसाची ती गोष्ट दर गुरुवारी यायची, आणि ती काढणारी बाई शेजारच्या खोलीत राहायची. ती वहिनीची नणंद, घरातली छोटी. हे नातं वाचकांनाही ठाऊक होतं, त्यामुळे घरातूनच बातम्या फोडते असं कोणी म्हणू नये म्हणून दोघींनी आपसात ठरवून टाकलं होतं: छोटीने पुढचं सांगायचं नाही, वहिनीने विचारायचं नाही. जे छापून येईल तेवढ्यावरच वहिनी लिहायची.

त्या गुरुवारी मात्र तिचा तोल सुटला. शेवटच्या चौकटीत लिफ्टवाला तळमजल्यावर उभा होता आणि त्याच्या डाव्या गालावरचा तीळ चक्क उजव्या गालावर होता. भांग दुसरीकडून. पेचकस डाव्या हातात. "हा तो नव्हेच!" म्हणून वाचकांनी गिल्ला केला. बातम्यांचं दुसरं पान चालवणाऱ्या गृहस्थाला सगळे पोपट म्हणायचे, कारण कानावर पडलं की त्याच्या तोंडून बाहेर आलंच. त्याने 'लवकरच मोठा गौप्यस्फोट' असं जाहीर करून टाकलं. पोपटाच्या मागे राहणं वहिनीच्या जिवावर आलं. तिने धडाधड टाइप केलं, 'लिफ्टवाल्याला जुळा भाऊ आहे.' 'असावा' लिहिलं असतं तरी भागलं असतं. तिने 'आहे' लिहिलं.

संध्याकाळी छोटी खोलीतून बाहेर आली. केसांच्या अंबाड्यात पेन्सिल खोचलेली, हातात फोन. वाचता वाचता ती इतकी हसली की भिंतीला टेकून खालीच बसली.

"वहिनी, अगं जुळा भाऊ? हा कुठून पैदा केलास?"

"मी? तूच केलास! तीळ बघ ना त्याचा."

छोटीने तीळ बघितला आणि तिचं हसू थांबलं. "अरे देवा. उलटंच राहिलं."

एकच चित्र बराच वेळ काढत बसलं की डोळे त्याला सरावतात. वाकडा चेहराही सरळ वाटू लागतो. म्हणून चित्रकार मधूनमधून पडद्यावरचं चित्र आरशात दिसावं तसं उलटवून बघतात. वाकडेपणा ताबडतोब डोळ्यांत खुपतो. तो दुरुस्त करायचा आणि चित्र परत सुलटं करायचं. छोटी ते शेवटचं विसरली होती. अक्षरं ती सगळ्यांत शेवटी घालायची, म्हणून ती सुलटी होती. लिफ्टवरचा आकडा तेवढा चित्रातलाच होता; पण तळमजल्याचा आकडा शून्य, आणि शून्य आरशातही शून्यच दिसतं.

"आणि खिडकी नाही का बघायचीस?" छोटी म्हणाली. "तीपण इकडची तिकडे गेलीये. भाऊ येताना खिडकी घेऊन आला होय?"

वहिनीने बघितलं. खिडकी, शर्टाची बटणं, सावली, झाडून सगळं फिरलं होतं. तिने नुसता चेहरा पाहिला होता. तिचं तोंड एवढंसं झालं.

"आता पोपट मला सोलून काढेल."

"काही नाही काढत. मी काढते ना जुळा भाऊ. मग तुझी बातमी खरीच!"

वहिनीला नणंदेला मिठी मारावीशी वाटली. तिने ती मारलीही.

सकाळी चहाच्या टेबलावर लिफ्टवाल्याच्या जुळ्या भावाची कच्ची चित्रं पसरली होती. छोटीचा दादा, म्हणजे वहिनीचा नवरा, बशी बाजूला सारून त्यांवर वाकला होता.

"मिशी दे याला. विमा विकणारा वाटतोय."

"गप रे दादा. चहा सांडशील."

"यात आईच्या मजल्याचं कुठे आहे?" न विचारण्याचं ठरलेलं विसरून वहिनीने विचारलं. साऱ्या इमारतीच्या लिफ्ट सुरू ठेवणारा तो माणूस आपली रुसलेली आई राहते त्या मजल्याचं बटण तेवढं दाबत नव्हता. ते कधी दाबतो याकडे वहिनी डोळे लावून बसली होती. बातमीदार म्हणून नव्हे, साधी वाचक म्हणून.

"पुढच्या गुरुवारी दाबणार होता," छोटी म्हणाली. "पण आता राहू दे. आधी या बाबाला कुठेतरी बसवायला हवा. जुळा भाऊ म्हणजे काय खायचं काम आहे? त्याला बालपण लागणार, भांडण लागणार. वर्ष तरी जाईल. आईलाही तो आठवायला नको? तिनेच जन्माला घातलाय."

वहिनी हसायला गेली, पण हसू ओठांवरच अडकलं. घाईत लिहिलेला एक शब्द त्या मायलेकांच्या मध्ये जाऊन बसणार होता.

"पूस त्याला."

"अगं, तुझ्यासाठीच काढतेय ना!"

"म्हणूनच सांगते, पूस. मी लिहिलं म्हणून तू काढलंस, तर ती बातमी कसली? ती फर्माईश झाली. उद्यापासून माझ्या पानावर कोण विश्वास ठेवणार? मीसुद्धा नाही ठेवणार."

छोटीने खोडरबर हातात घेतलं. "लोक तुला फाडून खातील हं."

"खाऊ देत."

"मिशी तरी ठेवा," दादा म्हणाला.

"मिशीसकट पूस!"

वहिनीने दुरुस्ती छापली: 'लिफ्टवाल्याला जुळा भाऊ नाही. चित्र उलटं राहिलं होतं, आणि तसं कोणाच्याही हातून होतं. न विचारता आहे म्हणून ठोकून देणं, ही चूक मात्र या पानाची.' लोकांनी खरंच फाडून खाल्लं. काहीजण पान सोडून गेले. पोपटाने 'भाऊ दडपला?' असा मथळा दिला आणि दोन दिवस मिरवला.

मग हळूहळू चित्रकारांचे निरोप यायला लागले. एकीने कबूल केलं की तिच्या कॉमिकमधला लंगडा कुत्रा चौकटीगणिक पाय बदलतो. एकाच्या नवरदेवाची अंगठी दोन्ही हातांत घालून झाली होती. "हे मी छापू का?" वहिनी प्रत्येकाला विचारायची, आणि हो आलं की मगच छापायची. गेलेल्यांपैकी काही वाचक ते कुत्रं बघायला म्हणून परत आले.

गुरुवारी वहिनी ओट्याशी उभ्याउभ्याच वाचत होती. लिफ्टवाल्याने बटण दाबलं. दार उघडलं. आईने त्याच्याकडे पाहिलं आणि "किती वाळलास," एवढंच म्हणाली. वहिनीने पदराने डोळे टिपले.

दादा तिच्या खांद्यावरून बघत होता. "काही म्हणा, हा भाऊच आहे. खरा लिफ्टवाला इतका लगेच गेलाच नसता."

"दादा!" छोटी ओरडली. "ते कॉमिक मी काढते!"

"तू काढतेस गं," दादा समजुतीच्या सुरात म्हणाला, "पण नीट वाचत नाहीस."