पाणी न पिणारी मेंढी

"महाराज, तुमची मेंढी पाणीच पीत नाही, तर मग मुतते कुठून?"

पैज मैत्रिणींनी लावली होती, विचारलं मी! मंडपात हशा पिकला. मेंढी मात्र खरंच बादलीकडे ढुंकूनही न बघता निवडुंग चघळत होती.

"बाळ, या निवडुंगात मंत्र आहे," महाराज डोळे मिटून म्हणाले. "हिची किडनी अमर झाली! रस घ्या, डायलिसिसची सुई कायमची सुटेल."

लोक बाटल्यांवर तुटून पडले. त्यात माझी आईसुद्धा. बाबांची दोन्ही मूत्रपिंडं निकामी आहेत, आणि रस सुरू झाल्यापासून त्यांनी डायलिसिस दोनदा चुकवलं होतं. चेहरा सुजलेला, चार पावलांत धाप. दवाखान्यात त्यांच्या शेजारच्या खुर्चीत बसणारे शिंपीकाका हाच रस पीत होते. परवा गेले. "श्रद्धा कमी पडली," महाराज म्हणाले.

मी कुंपणावरचा बिनकाट्यांचा निवडुंग तोडून मावशीच्या मेंढीला घातला. मंत्रबिंत्र काही नाही. तिनेही पाण्याकडे पाठ फिरवली! नंतर नुसतं सुकं गवत घातलं, तर बाईसाहेबांनी बादली चाटूनपुसून साफ केली.

धावतच जनावरांच्या डॉक्टरीणबाईंकडे गेले.

"अगं, निवडुंगात बहुतेक पाणीच असतं," त्या म्हणाल्या. "मेंढी पाणी खाते, म्हणून पीत नाही. सुक्या चाऱ्यात मिसळला तर छान खाद्य आहे. पण तिची किडनी धडधाकट असते. निवडुंगात पोटॅशियम असतं. निकामी किडनीला ते बाहेर टाकता येत नाही. रक्तात साठलं की हृदयच थांबतं. का गं, कोण पितंय?"

"बाबा!" म्हणत मी तशीच पळत सुटले.

वाटेत मंडपात शिरले. सगळ्यांसमोर निवडुंगाचं पान ठेचून फडक्यातून पिळलं. पेला अर्धा भरला. "हा बघा मंत्र! नुसतं पाणी! आणि निकामी किडनीला हेच विष!"

"कार्टीला बाहेर काढा!" महाराज किंचाळले. कुणी हसलं नाही. शिंपीकाकू तेवढ्या हातातल्या बाटलीकडे बघत मटकन खाली बसल्या.

घरी बाबांच्या उशाशी पेला भरलेला होता. मी तो मोरीत ओतला.

"अगं ए!" आई ओरडली.

"आई, मेंढीची तहान भागली म्हणून माणसाची किडनी बरी होते, हे कुणी तपासलं? जरा विचार कर ना! बाबा, दारात रिक्षा उभी आहे. आपण आत्ता डायलिसिसला जातोय. मी ठरवलंय."