अठ्ठावीसचे सोळा

सौरबोट एका दिवसात किती किलोमीटर जाईल, एवढाच प्रश्न होता. बॅटरीवर बारा, छतावरच्या पॅनलवर दिवसभरात सोळा, मिळून अठ्ठावीस. खापा गावाच्या बंधाऱ्यामागच्या पाण्यात माणसांची ने-आण करायला चोवीस पुरेसे होते. या चाचणीची इंजिनिअर मी, सीताबर्डीच्या ऑफिसात एसीखाली बसून मोबाइलवर आकडे बघत होते आणि बोट पाच दिवस सोळाच्या पुढे जायला तयार नव्हती. पॅनल जेमतेम चौथाई वीज देत होते.

माझं डोकं फिरलं. पॅनलवाल्याला झापलं, वायरिंगवाल्याला झापलं, नंदनवनला घरी जाऊन आईवर विनाकारण खेकसले. नावाडी भैयाजींना रोज फोन.

"पॅनल पुसता ना?"

"चकाचक, मॅडम. सकायीच पुसून ठेवतो."

सहाव्या दिवशी चाचणीची मुदत संपली. मी रिपोर्टात सोळा लिहिलं, सही ठोकली, मेल पाठवला आणि मोजणीची यंत्रं परत आणायला वैतागून खाप्याला गेले.

बोटीच्या छतावर हिरवी जाळी होती. मे महिन्यात आमच्याकडे सिग्नलवर, कुंड्यांवर, कूलरवर सावलीसाठी बांधतात तीच. चारही कोपरे सुतळीने घट्ट.

"भैयाजी, हे काय आहे?" मी एवढ्या जोरात ओरडले की काठावर कपडे धुणाऱ्या बायका थांबल्या.

"तुमीच तं सांगतलं होतं ना मॅडम, तापले का पॅनल कमी वीज देते म्हणून. पंचेचाळीस डिग्री हाय. मी पयल्याच दिवशी बांधून देल्ली. पुसून झालं का रोज पुन्हा बांधतो."

सांगितलं होतं खरं. फोनवर, अक्कल पाजळत. आणि तासाभराचा रस्ता असून पाच दिवसांत एकदाही इथे यायची तसदी घेतली नव्हती. स्वतःच्याच थोबाडीत मारावीशी वाटली.

तेवढ्यात गावच्या नौका समितीचे सचिव देवराव यांचा फोन आला. "रिपोर्ट भेटला, मॅडम. सोळात जमत नाही. आमी डिझेलचीच बोट ठेवून राहिलो."

"थांबा, रिपोर्ट चुकलाय. पॅनलवर जाळी बांधलेली होती."

"भैयाजीनं बांधली? तरी मी म्हणतच होतो, त्या बुढ्याले मशीनचं काय समजते! काढूनच टाकतो त्याले."

भैयाजी तोवर छतावर चढून सुतळी सोडत होते. तीस वर्षं वल्ही मारून त्यांचा उजवा खांदा गेला होता, म्हणून तर ही बोट त्यांना मिळाली होती. नुसतं 'हो' म्हटलं असतं तर मी सुटले असते. खोटं कशाला बोलू, ते 'हो' अगदी ओठांवर आलं होतं.

"मीच सांगितली होती बांधायला," मी म्हटलं. "चूक माझी आहे."

"मंग उद्या पुन्हा चाचणी घेऊ. पण तुमच्या साहेबाले सांगतो, इंजिनिअर दुसरा पाठवा. पाच दिवस गेले ना आमचे."

माझेही गेले होते. पण भांडायला तोंड कुठे होतं?

जाळी निघाली आणि मोबाइलवरचा पॅनलच्या विजेचा आकडा झटक्यात चौपट झाला. पाच दिवस ज्याच्यासाठी जगाशी भांडले तो आकडा समोर होता, आणि मला रडू येत होतं.

भैयाजी खुशीत खाली उतरले. "उद्या पाहाच मॅडम, अठ्ठावीस काढून दाखवतो तुमाले. लवकर याल ना?"

"उद्या दुसरे साहेब येतील," मी म्हटलं. "त्यांनी विचारलं तर सांगा, जाळी मॅडमनीच बांधायला लावली होती."