लुब्वामाची चोरवाट

पहिली वीट लुब्वामाच्या खांद्यावर बसली तेव्हा नान्तोंगो मतोकेची कच्ची केळी सोलून पानात बांधत होती. दुसऱ्या विटेला तो, तिचा भाऊ, ओरडला, तशी ती धावत दारात आली.

अंगणात रांगेतल्या पंधरा खोल्यांचे पुरुष जमले होते. सगळे ओळखीचे, रविवारी चर्चमध्ये एकाच बाकावर बसून डोळे मिटून गाणारे. बोडा, म्हणजे भाड्याची मोटारसायकल चालवणाऱ्या सेकाज्जाने लुब्वामाची मान गुडघ्याखाली धरली होती.

"सकाळी खांबावर कोण चढलं होतं? मतमोजणी सुरू झाली आणि नेमकं आमचंच नेट गेलं. पलीकडच्या गल्लीत चालतंय. तिथला खांब विसरलास वाटतं?"

"तार बघायला चढलो रे. वरून बंद केलंय का ते..."

"वरच्यांनीच चढवलं, असं म्हण ना." मागून कुणीतरी हसलं आणि काठी लुब्वामाच्या तोंडावर आली. दोन दात मातीत पडले.

मतदानापासून फोनमधलं नेट बंद होतं, साधे कॉलही लागत नव्हते. अख्खी रांग लुब्वामाच्या घरच्या वायफायवर चालली होती. इथे नेट गेलं की माणूस आधी सरकारकडे बघतो. घरातल्या वायफायच्या डब्याकडे कुणी बघत नाही. तारांचं काम करण्यात हयात गेलेल्या लुब्वामानेही बघितलं नाही. तो सरळ खांबावर चढला, आणि तेच त्याच्या जिवावर बेतलं.

"थांबा," नान्तोंगो म्हणाली. "नेट मी आणून देते."

"तू? मतोके शिजव, बाईसाहेब."

"शिजवीन. तोवर त्याला जिवंत ठेवा."

"भांड्याला वाफ येईपर्यंत," सेकाज्जा म्हणाला, आणि बोलता बोलता त्याने लुब्वामाचं एक बोट मोडलं.

ती आत धावली. तिने डबा बंद करून पुन्हा चालू केला. काही नाही. पण तारेचा दिवा हिरवा होता. म्हणजे तार जिवंत होती, अडत होतं ते डब्यातच. बाहेर दुसरं बोट मोडल्याची किंकाळी आली.

तेव्हा तिला आठवलं. मागे सरकारने साइट बंद केल्या तेव्हा दादाने एकेकाच्या फोनमध्ये व्हीपीएन घालत बसण्यापेक्षा ते डब्यातच घातलं होतं. सगळ्यांचं नेट त्या चोरवाटेने परदेशातल्या यंत्राकडे जायचं आणि तिथून पुढे. वर त्याने एक कडीही घातली होती: वाट तुटली तर काहीच बाहेर जाऊ द्यायचं नाही. "कोण काय बघतं ते कुणाला दिसायला नको गं. शेजारी आहेत आपले."

तिने फोनवर डब्याचं पान उघडलं. व्हीपीएन लाल, तुटलेलं. ते बंद केलं, तरी नेट येईना. आईचं स्तोत्र आपसूक तिच्या ओठांवर आलं. गुणगुणतच तिने कडीची खूण शोधली आणि पुसली.

अंगणात एक फोन वाजला. मग तीन. मग सगळेच. उगारलेली काठी खाली आली, कारण काठीवाल्याला खिशात हात घालायचा होता. खाली पडलेल्या माणसाला ओलांडून पुरुष फोनमध्ये बघत पांगले.

तिने भावाला ओढत आत आणलं आणि त्याच्यादेखत वायफायचा पासवर्ड बदलला. बाहेर फोन गप्प झाले.

"काय होतं?" फुटक्या ओठांनी त्याने विचारलं.

"तुझी चोरवाट तुटली होती. आणि तुझी कडी लागलेली."

लुब्वामाने डोळे मिटले. "आधी तेच बघायचं असतं." मग म्हणाला, "जुना पासवर्ड टाक."

"दादा, त्यांनी तुझी बोटं मोडली."

"सेकाज्जाची बायको बाळंतपणाला गेलीय. निरोप यायचाय त्याला. टाक."

दारात सेकाज्जा पाण्याचं घमेलं घेऊन उभा होता. किती वेळ, कोण जाणे. नान्तोंगोने त्याच्याकडे बघितलं, मग भावाच्या हाताकडे. तिने जुना पासवर्ड, आईच्या स्तोत्राचा पुस्तकातला आकडा, टाकला. सगळ्या रांगेला तो पाठ होता.

सेकाज्जाचा फोन वाजू लागला. वाजत राहिला. त्याने घमेलं खाली ठेवलं नाही.

"घे तो," लुब्वामा म्हणाला. "मुलगा की मुलगी, आम्हालाही सांग."