आधी बाबांनी पडायचं

पॅकिंगवाल्याचा या जगावर काडीचा विश्वास नव्हता, आणि त्याला तसं कारणही होतं. काचेच्या सामानाच्या गोदामात त्याची निम्मी हयात गेली होती. कप, बशा, फुलदाण्या, झुंबरांचे लोलक, सगळं तो आधी कागदात गुंडाळायचा, मग फुग्यांच्या प्लास्टिकमध्ये, मग खोक्यात बसवून चारी बाजूंनी भुसा ठासायचा, वरून चिकटपट्टी मारायचा. एवढं करूनही खोकं ट्रकमध्ये चढताना त्याचा जीव खालीवर व्हायचा. हमालाने जरा घाईने पाऊल टाकलं की हा मागून ओरडणार, "अरे हळू! हळू!" हमाल त्याला पाठीमागे ‘हळूहळू’ म्हणायचे. त्याला ते ठाऊक होतं आणि त्याची काही हरकत नव्हती.

अशा माणसाच्या पोटी भिंगरी जन्माला आली. खरं नाव शाळेपुरतं. घरीदारी सगळे भिंगरीच म्हणायचे. ही पोरगी चालायला शिकलीच नाही, एकदम पळायलाच लागली. सोफ्यावरून कपाटावर, कपाटावरून पलंगावर, जिन्याच्या कठड्यावरून घसरत थेट खाली. बापाने घरातल्या प्रत्येक टेबलाच्या कोपऱ्याला फोम चिकटवला होता. पाहुणे विचारायचे, घर शिफ्ट करताय का म्हणून.

एक दिवस भिंगरीने जेवताना जाहीर केलं, "मला ज्युडो शिकायचंय."

"ज्युडो म्हणजे एकमेकांना उचलून आपटतात, तेच ना?"

"हो!" भिंगरीचे डोळे चमकले.

"मग नाही."

भिंगरीची आई बेकरीत पहाटपाळी करायची. झोप कमी असल्यामुळे ती बोलायची थोडकंच, पण मुद्द्याचं. ती म्हणाली, "आत्ता ती घरात आपटतेच आहे. तिथे निदान खाली गादी तरी असेल."

झालं. घरात बहुमत कुणाचं, हे काही वेगळं सांगायला नको.

क्लास होता एका फर्निचरच्या दुकानाच्या वर, लांबलचक हॉलमध्ये. जमिनीवर हिरव्या मॅट एकाला एक घट्ट बिलगून बसवलेल्या, खिडकीशी ओल्या मोज्यांचा वास, आणि मधोमध उभी शिकवणारी ताई. ताई आडव्या बांध्याची, मान जवळजवळ नसलेली, आवाज भोंग्यासारखा. थोरामोठ्यांपासून चिल्ल्यापिल्ल्यांपर्यंत सगळे तिला ताईच म्हणायचे. पॅकिंगवाला आत शिरला तो एका हातात भिंगरी आणि दुसऱ्या हातात मोटरसायकलचं हेल्मेट घेऊन.

ताईने हेल्मेटकडे बघितलं. "हे काय, दादा?"

"डोक्यासाठी. ही हे घालूनच खेळेल."

पोरं खी खी हसायला लागली. ताईने एक नजर टाकली तशी चिडीचूप झाली.

"तुमचं काम काय, दादा?"

"काचेच्या सामानाचं पॅकिंग."

"मग तुम्हाला लगेच कळेल. कप नुसताच खोक्यात टाकला, आत कागद नाही, भुसा नाही, आणि खोकं पोलादाचं केलं. ते खोकं आपटलं तर?"

"खोक्याला काही होणार नाही," पॅकिंगवाला नाखुशीने म्हणाला. "कप जाईल."

"मेंदूचंही तेच. हेल्मेटने जखम वाचते, टेंगूळ वाचतं. आत जो हिसका बसतो, तो नाही वाचत. तो वाचवायचा तर डोकं आपटूच द्यायचं नाही. म्हणून इथे पहिले कितीतरी दिवस आम्ही कुणाला पाडायला शिकवतच नाही. फक्त पडायला शिकवतो." ताई कमरेवर हात ठेवून म्हणाली, "आणि आमच्याकडे एक रीत आहे. पोराच्या आधी घरच्या मोठ्या माणसाने पडायचं. काढा बूट."

आता बोला! पॅकिंगवाल्याच्या तोंडचं पाणी पळालं. तो म्हणाला गुडघा दुखतोय, मग म्हणाला पँट घट्ट आहे, मग म्हणाला हिच्या आईला पाठवतो. पण भिंगरी त्याच्याकडे अशी बघत होती, की त्याने मुकाट बूट काढले.

"उकिडवे बसा. हनुवटी छातीला. बेल्टकडे बघायचं, छताकडे नाही. मागे लोळा, आणि दोन्ही हात मॅटवर फाडकन मारा."

तो मागे लोळला तो थेट एखादं पोतं टाकल्यासारखा. हात मारायचे राहूनच गेले. पोरांनी हॉल डोक्यावर घेतला. दुसऱ्यांदा हात मारले, पण हनुवटी वर गेली आणि डोकं हलकेच मॅटला टेकलं. ताई जवळ येऊन बसली. "बघा, एवढंच. एवढ्यासाठीच सगळा खटाटोप." मग त्याने हट्टालाच पेटून पुन्हा केलं, पुन्हा केलं, घामाघूम झाला, आणि एकदाचा फाडकन आवाज झाला. मान जागेवर, डोकं हवेत. भिंगरीने उडी मारून टाळ्या वाजवल्या. लहानपणापासून आपण आपल्या शरीराने काही मजेशीर केल्याचं पॅकिंगवाल्याला आठवत नव्हतं. त्याला मनापासून हसू आलं.

ताईच्या क्लासची आणखी एक रीत होती. कुणाच्याही डोक्याला मार बसलेला दिसला, की बघणाऱ्याने ‘डोकं!’ असं ओरडायचं. मग तो खेळणारा असो, बाकावर बसलेली आजी असो, नाहीतर पाणी भरायला आलेला माणूस असो. ओरडा झाला की सगळे जागच्या जागी थांबणार. ज्याला लागलं तो ‘मला काही झालं नाही’ म्हणाला तरी त्याचं ऐकायचं नाही. तो त्या दिवसापुरता बाजूला बसणार, घरच्यांना कळवणार, डॉक्टरला दाखवणार. वाद नाही, रुसवा नाही.

ही रीत पॅकिंगवाल्याच्या हातात देणं म्हणजे लहान पोराच्या हातात शिट्टी देण्यासारखं होतं. भिंगरीने डोकं खाजवलं, "डोकं!" कुणाची वेणी ओढली गेली, "डोकं!" एकदा तर खाली फर्निचरवाल्याने खिळा ठोकला, तेव्हाही हा ओरडला. दर वेळी सगळा हॉल पुतळ्यासारखा उभा. शेवटी ताईने हात टेकले. "दादा, डोक्याला खरंच मार बसला पाहिजे हो. नुसतं डोकं दिसलं म्हणून ओरडायचं नाही." पोरं त्याला ‘डोकंकाका’ म्हणायला लागली. तो ओशाळला, आणि हळूहळू शांत बसायला शिकला.

भिंगरी मात्र सुटलीच. आधी पडायला शिकली, मग पाडायला. वर्ष सरता सरता तिने आपल्याहून दांडग्या पोरी अशा काही लोळवायला सुरुवात केली, की बापाच्या अंगावर मूठभर मांस चढलं. गोदामात तो हमालांना भिंगरीचे व्हिडिओ दाखवायचा. "हे बघ, हे बघ, पाय कसा घातलाय!" हमाल म्हणायचे, "हळू, हळू!" आणि हा खदखदून हसायचा.

मग आली मोठी स्पर्धा. ताईच्या क्लासमधून आजवर कुणी अंतिम फेरी पाहिली नव्हती. ‘पडणाऱ्यांचा क्लास’ म्हणून इतर क्लासवाले टोमणे मारायचे. भिंगरी पहिली लढत जिंकली, दुसरी जिंकली. ताई दुसऱ्या मॅटवर लहानग्यांबरोबर अडकली होती, म्हणून उपांत्य लढतीला कोपऱ्यात पॅकिंगवाला एकटाच उभा होता, फोन समोर धरून.

दोघी पोरी एकाच वेळी पकड घ्यायला पुढे झेपावल्या आणि डोक्यावर डोकं आदळलं. टक्‌ असा आवाज आला. पंच पलीकडच्या बाजूला होता. त्याला दिसलं ते एवढंच, की दोघी किंचित अडखळल्या. त्याने विचारलं, दोघींनीही माना डोलावल्या. पॅकिंगवाल्याने मात्र सगळं बघितलं होतं. शब्द अगदी ओठांवर आला होता. पण त्याच क्षणी भिंगरीने पाय घातला, समोरची हवेत गेली, पाठीवर आली, आणि सभागृह दणाणलं. भिंगरी अंतिम फेरीत! शब्द त्याने गिळला. उगाच ओरडून सगळं घालवायचं? काही नाही झालं तिला, हसतेय की.

बाकावर बसल्यावर भिंगरीने पाण्याची बाटली तोंडाला लावली. "बाबा, आई कधी येणार?"

"पाळी संपली की येईल. निघालीच असेल."

ती पाय हलवत बसली. थोड्या वेळाने म्हणाली, "बाबा, आई कधी येणार?"

"आत्ता सांगितलं ना, राणी."

"हो का?"

घाबरलीय, त्याने स्वतःला सांगितलं. फायनल म्हटल्यावर कुणाला धडकी भरणार नाही? त्याने तिची पाठ थोपटली. पण थोपटता थोपटता त्याला गोदामातली खोकी आठवली. गोदामात येणाऱ्या गिऱ्हाइकाला तो काय सांगायचा? खोक्यावर ओरखडा नाही म्हणून खूश होऊ नका, उघडून बघा. आणि इथे तो स्वतः खोक्याला हात लावून समाधान मानत होता.

नाव पुकारलं गेलं. सगळा क्लास "भिंगरी! भिंगरी!" म्हणून ओरडत होता. भिंगरी उठली, मॅटवर गेली, आणि भलत्याच बाजूला उभी राहिली. पंचाने हाताने खूण केली. तिने पंचाकडे बघितलं, मग छताच्या दिव्यांकडे, आणि डोळे बारीक केले.

"डोकं!"

सभागृहातल्या निम्म्या लोकांनी दचकून वर बघितलं. पॅकिंगवाला दोरी ओलांडून थेट मॅटवर घुसला होता.

"बूट!" पंच किंचाळला.

"डोकं!" हा ओरडला.

"अहो, मॅटवर बूट! आधी बूट काढा!"

"अहो, बूट गेले खड्ड्यात! माझ्या पोरीचं डोकं!"

एवढी ओरडाओरड झाली तरी ताईच्या क्लासची सगळी पोरं, लहानात लहान धरून, जागच्या जागी उभी राहिली होती. एकानेही हूं की चूं केलं नाही. भिंगरीला मात्र रडू फुटलं. "बाबा, मी ठीक आहे! तुम्ही जा ना! मला खेळायचंय!" तिने त्याच्या पोटावर बुक्के मारले. त्याने ते खाल्ले आणि तिला सोडलं नाही.

ताई धावत आली.

"डोक्याला डोकं लागलं, ताई. मागच्या लढतीत. मी बघितलं होतं," पॅकिंगवाला म्हणाला. "बघितलं होतं आणि ओरडलो नाही."

ताई भिंगरीसमोर गुडघ्यांवर बसली आणि मऊ आवाजात म्हणाली, "मागची लढत कशी जिंकलीस गं?"

भिंगरीने डोळे पुसले, तोंड उघडलं. आठवून बघितलं. "झाली मागची लढत?"

पंचाने बुटांकडे बघायचं सोडून दिलं आणि डॉक्टरला हाक मारली.

दवाखान्यात सगळ्या तपासण्या झाल्या. डॉक्टरीणबाई हसऱ्या होत्या. मेंदूला हलका धक्का बसलाय, म्हणाल्या. आराम केला की पूर्ण बरी होईल, आणि मग हळूहळू खेळायलाही लागेल. "पण याच्यावर आज आणखी एक आपटी बसली असती, तर मला असं हसत बोलता आलं नसतं." बेकरीच्या पिठाने भरलेल्या कपड्यांनिशी आलेली आई खुर्चीत मटकन बसली आणि नवऱ्याचा हात घट्ट धरून राहिली. तिचा जीव भांड्यात पडला होता. पॅकिंगवाला मात्र भर दवाखान्यात रडत होता, आणि ते त्याने कुणापासून लपवलं नाही.

अंतिम लढत समोरच्या मुलीला न खेळताच मिळाली. भिंगरीला चांदीचं पदक आलं. ते तिने मोज्यांच्या खणात कोंबलं आणि बापाशी बोलणं टाकलं. पाणी हवं तर आईला सांगणार, मीठ हवं तर आईला सांगणार. डोकेदुखी गेली, शाळा सुरू झाली, पण गाल फुगलेले ते फुगलेलेच. तो रोज गोदामातून येताना तिच्या आवडीचं काहीतरी आणायचा. ती ते खायची, पण त्याच्याकडे न बघता.

"बोलेल," आई म्हणायची.

"कधी?"

"तुझ्यावरच गेलीय. वेळ लागेल."

डॉक्टरीणबाईंनी टप्प्याटप्प्याने मोकळीक दिली. आधी नुसतं चालणं, मग एकटीने पडण्याचा सराव, आणि शेवटी एकदाची जोडीदाराबरोबर खेळायची परवानगी. त्या दिवशी भिंगरी बापाच्या पुढे पुढे पळत जिना चढली आणि पडद्याआड कपडे बदलायला गेली. हॉलमध्ये ताईने पॅकिंगवाल्यासमोर एक नवा बाप आणून उभा केला. धिप्पाड माणूस, चेहरा पांढराफटक. मोठ्यांना पडायला शिकवायचं काम आता पॅकिंगवाल्याकडे आलं होतं.

"उकिडवे बसा," तो म्हणाला. "घाबरू नका, मीही पोत्यासारखाच पडलो होतो."

तेवढ्यात पडद्याआडून भिंगरीचा आवाज आला. नव्या मुलींना ती काहीतरी रंगवून सांगत होती.

"अगं, सगळे ओरडत होते, खेळ, खेळ! मीच ओरडत होते! आणि माझे बाबा बूट घालून घुसले मॅटवर. पंच आडवा आला, तर त्याला असा एका हाताने बाजूला सारला, असा! मी बुक्के मारले तरी हलले नाहीत. एवढ्या मोठ्या सभागृहात एकटेच."

"मग तुझं सोन्याचं पदक गेलं?" एक मुलगी हळहळली.

"पदक काय, पुढच्या वर्षी आणेन. बाबा असे कुणाचे आहेत, सांग बघू?"

पॅकिंगवाल्याचे डोळे भरून आले. समोरचा धिप्पाड बाप उकिडवा बसून वाट बघत होता, आता पुढे काय म्हणून. पंचाला आपण साधं बोटही लावलं नव्हतं, हे पॅकिंगवाल्याला पक्कं ठाऊक होतं. पण ते सांगायला तो काही पडद्याआड गेला नाही.