कोणत्याही दोन तारा

पाच नंबरच्या पंपाच्या स्विचवर रेनालचं लाल कुलूप अजून लटकत होतं, आणि ते कापायचं की नाही यावर कागदगिरणीच्या वीजखोलीत बोलणं चाललं होतं. मी बाकावर बसून सँडविच खात होतो. चव लागत नव्हती. जेवणाची सुट्टी होती म्हणून खात होतो.

रेनाल माझा मुलगा. मी ज्या गिरणीत वीजतंत्री, तिथेच तोही. शनिवारी बर्फगाडी घेऊन तळ्यावर मासे धरायला गेला. ओढा तळ्याला मिळतो तिथला बर्फ पातळ असतो, हे आमच्याकडे पोरांना चालता येण्याआधी सांगतात. त्याला शोधायला वेळ लागला नाही. चर्चमध्ये प्रार्थना झाली, पण मातीत ठेवणं राहिलं होतं. जानेवारीत आमची जमीन फावड्याला दाद देत नाही. पेटी दफनभूमीतल्या दगडी खोलीत ठेवतात आणि मे उजाडला की खड्डा खणतात. प्रार्थनेच्या दुसऱ्या दिवशी मी कामावर आलो. घरी बसून काय करणार होतो?

कुलपाचा नियम साधा आहे. जो यंत्रावर काम करतो तो त्याच्या स्विचवर आपलं कुलूप लावतो, नावाची चिठ्ठी अडकवतो आणि किल्ली खिशात टाकतो. दुसरी किल्ली नसते. ज्याने लावलं त्यानेच काढायचं. या एका नियमामुळे आमच्यातले बरेच जण दहा बोटं घेऊन निवृत्त होतात.

शुक्रवारी रेनालने पाच नंबरची मोटर जागेवर बसवली होती. दोनशे हॉर्सपॉवरची, आतली तार नव्याने गुंडाळून नुकतीच रिवायंडिंगच्या दुकानातून आलेली. तारा जोडल्या, झाकण लावलं, आणि मोटर पंपाला जोडायचं काम सोमवारवर ठेवून तो घरी गेला.

"ओनेझिम, मला बोलायला बरं वाटत नाही," हॅस्केल म्हणाला. तो आमचा फोरमन, माझ्यापेक्षा बराच लहान. "पण राखीव पंपाचं बेअरिंग किंचाळतंय. तो बसला की मशीन बसलं. नियमात सोय आहे. कुलपाचा मालक गिरणीत नाही याची खात्री करायची, दोघांनी सही करायची आणि कापायचं."

"खात्री कशी करणार?" आदेलारने विचारलं. "फोन लावतोस त्याला?"

आदेलार माझा जोडीदार. तीस वर्षं आम्ही एकाच शिडीची दोन टोकं उचलली. हॅस्केलचे कान लाल झाले.

"तसं नव्हतं म्हणायचं मला."

"कळलं रे बाबा. पण तोंड चालू करण्याआधी जरा डोक्याचा स्विच बघत जा."

मी सँडविचचा कागद चुरगळून डब्यात ठेवला. "कापू नका," मी म्हणालो. "किल्ली सापडली आहे. सुनेकडे आहे. उद्या आणतो."

"कापलं काय आणि उघडलं काय," हॅस्केल हळूच म्हणाला, "एकच ना शेवटी?"

"एकच असेल. पण त्याच्या हातचं हे शेवटचं काम. त्यातलं काही तोडायचं नाही."

संध्याकाळी सुनेकडे, कोरीनकडे गेलो. तिचं घर नदीच्या अगदी कडेला. खिडकीतून पलीकडचे कॅनडाचे दिवे दिसतात. ती प्लोय करत होती. कुट्टूच्या पिठाची ही घावनं आम्ही फ्रेंच घरांत एकाच बाजूने भाजतो, उलटत नाही. थाळीत ढीग झाला होता आणि ती अजून घालतच होती.

"बसा बाबा. खा."

"आत्ताच खाल्लं."

"मीही. तरी बसा."

बसलो. एक घेऊन लोणी लावलं आणि खाल्लं. तिने आतून पोलिसांनी दिलेली पिशवी आणली. तिच्यात किल्ल्या, खिशातला चाकू आणि भिजून वाळलेलं पाकीट होतं.

"यातली कुठली?"

"ती छोटी, पितळी."

किल्ली तिने बोटांत धरली, पण दिली नाही. "शुक्रवारी तो काय करत होता तिथे? मी कधी विचारलं की म्हणायचा, तारेला तार लावतो आणि पगार आणतो."

"मोटर बसवत होता."

"मोटरच्या आत काय असतं?"

मी थाळीतली घावनं दुसरीकडे काढून ठेवली आणि रिकामी थाळी पुढे ओढली. "ही कड आहे ना, तसं लोखंडाचं जाड कडं असतं. त्याला आतून खाचा. खाचांत तांब्याच्या तारेची वेटोळी, तीन गटांत. वीज येते तीही तीन तारांतून. पण तिन्हींत जोर एकदम येत नाही. एकीत चढतो, तो उतरू लागेपर्यंत दुसरीत चढतो, मग तिसरीत. त्यामुळे कड्यातली चुंबकाची ओढ एका जागी राहत नाही, गोल फिरते. कडं जागचं हलत नाही. फिरते ती फक्त ओढ."

"आणि मधे?"

थाळीच्या मधोमध मी कप ठेवला. "मधे रोटर. त्यात ॲल्युमिनियमच्या दांड्या, दोन्ही टोकांना कड्यांनी जोडलेल्या. खारीच्या पिंजऱ्यासारख्या. त्याला एकही तार जात नाही. बाहेरच्या कड्याशी तो कुठे टेकत नाही, जेमतेम नखाच्या जाडीएवढी फट असते. पण ती ओढ त्याच्यावरून फिरते तेव्हा त्याच्या दांड्यांत आपोआप वीज उठते. मग तोही चुंबक होतो आणि ओढीमागे धावतो."

"गाठतो?"

"नाही. थोडा मागेच राहतो. गाठलं तर त्याच्यावरून फिरायला काही उरणार नाही. वीज उठणार नाही, जोर जाईल, आणि तो परत मागे पडेल."

"म्हणजे मागे राहिला तरच चालतो."

"मोटरला त्याचं काही वाटत नाही."

"नाही, मोटरला नाही वाटत," ती म्हणाली. "आणि वीज तोडली की?"

"लगेच थांबत नाही. वजन असतं त्याला. फिरत राहतो थोडा वेळ."

तिने शेगडी बंद केली. किल्ली कड्यातून निघेना, म्हणून मी त्याचाच चाकू उघडून टोकाने कडं फाकवून दिलं आणि तिने ती माझ्या हातावर ठेवली.

"आता त्याच्या हातचं तिथे काय आहे?"

"तीन जोड. मोटरच्या पेटीत, झाकणाखाली."

"ते राहू देतील ना तसेच?"

"राहतील," मी म्हणालो. बोलून गेलो.

दुसऱ्या दिवशी सकाळी स्विचपाशी आम्ही तिघं होतो. मी कुलूप उघडलं. चिठ्ठीवर त्याने नाव लिहिलं होतं. मी अक्षरं चाळिशी उलटल्यावर शिकलो, त्याच्याच शाळेच्या वह्यांवरून, त्यामुळे त्याचं अक्षर मला छापलेल्यापेक्षा लवकर वाचता येतं. चिठ्ठी आणि कुलूप खिशात टाकलं. वीज देण्याआधी नजर टाकावी म्हणून खाली जाऊन पेटीचं झाकण काढलं.

तिन्ही जोड पट्टीने पूर्ण गुंडाळलेले होते. प्रत्येक वेढा आधीच्या वेढ्यावर अर्धा चढवलेला.

"बघ तुझा पठ्ठ्या," आदेलार म्हणाला. "झटका द्यायच्या आधीच पट्टी."

रिवायंडिंगहून आलेली मोटर कुठल्या बाजूला फिरेल याचा भरवसा नसतो. दुकानातून तारांची टोकं वेगळ्या क्रमाने बाहेर आलेली असू शकतात. म्हणून मोटर पंपाला जोडण्याआधी क्षणभर वीज देऊन लगेच तोडायची आणि दांडा कुठे वळतो ते पाहायचं. हा झटका. पंप उलटा फिरला तर आतला पंखा आट्यांवरून सुटून निघतो. आधी झटका, मग पट्टी. हे मी रेनालला इतक्यांदा सांगितलं होतं की ते ऐकलं की तो शिट्टी वाजवायला लागायचा.

"त्याला वाटायचं, आपली मोटर उलटी येणारच नाही," मी म्हणालो.

"तुझ्यावर गेला असता तर तीनदा तपासली असती, आणि अजून शुक्रवारच संपला नसता."

"आईवर गेला होता."

आदेलारने दांड्यावर खडूची रेघ ओढली आणि गुडघ्यावर बसला. मी वर गेलो.

"दे!" तो ओरडला.

मी बटण दाबलं आणि तोडलं. मोटरने एक हुंकार दिला. मी जिन्यावरून खाली वाकलो. पंपावरचा बाण उजवीकडे होता. दांडा डावीकडे वळत वळत थांबला.

"उलटी," आदेलार म्हणाला. तीस वर्षांत तो हा शब्द कधी इतक्या हळू बोलला नव्हता.

"हरकत नाही," हॅस्केल म्हणाला. "जोड उघडा, कोणत्याही दोन तारा आपसात बदला. कितीसा वेळ लागतो?"

त्याचं बरोबर होतं. तीन तारांत जोर ज्या क्रमाने चढतो त्या बाजूला ओढ फिरते. दोन तारांची अदलाबदल केली की क्रम उलटतो आणि मोटरही. मी स्विच बंद करून माझं कुलूप लावलं, खाली आलो, चाकू काढला. माझा हात नीट चालत होता. पट्टीचं टोक शोधलं. शेवटचा वेढा त्याने न ताणता ठेवला होता, म्हणजे पुढे टोक सुटत नाही. हेही मीच शिकवलं होतं. टोकाखाली नख घातलं. ते उचललं गेलं नाही. चाकू लावला असता तर उचललं गेलं असतं.

मी चाकू मिटला. झाकण परत लावलं आणि चारही स्क्रू घट्ट केले.

"हे काय?" हॅस्केलने विचारलं.

"वर जातो. ह्याच तीन तारा वर स्विचच्या कपाटातल्या स्टार्टरपर्यंत जातात. कोणत्याही दोन बदलायच्या म्हटलं तर कुठेही बदलता येतात."

"ओनेझिम, रंगांचा नियम आहे. तपकिरी, केशरी, पिवळी. तिथे बदलल्यात तर वर एक आणि खाली एक होईल. पुढचा माणूस गोंधळेल."

"पुढच्या माणसासाठी चिठ्ठी लावतो."

"पण नियम..."

"हॅस्केल, मोटरला रंग दिसत नाहीत," आदेलार म्हणाला. "तुला दिसतात, हे तुझं दुर्दैव."

हॅस्केल त्या बंद झाकणाकडे बघत उभा राहिला. राखीव पंप पलीकडे किंचाळत होता. "चिठ्ठी इंग्रजीत लिहा," तो शेवटी म्हणाला. "तुमची फ्रेंच मला कळत नाही."

"आम्हालाही तुझं इंग्रजी कळत नाही, पण चाललंय ना!" आदेलार म्हणाला.

स्टार्टरच्या कपाटात मी तपकिरी तार पिवळीच्या जागी लावली आणि पिवळी तपकिरीच्या. मग गुडघ्यावर पुठ्ठा ठेवून लिहिलं. इंग्रजी लिहिणं मला सावकाशच जमतं. इथे दोन तारा मुद्दाम बदलल्या आहेत. खालची पेटी उघडू नये. वाचून पाहिलं, अडकवलं, माझं कुलूप काढलं.

"दे!"

दिला.

"सुलटी!" आदेलार खालून ओरडला.

दुपारपर्यंत मोटर पंपाला जोडली आणि राखीव पंप बंद केला. पाळी संपताना मी पेटीच्या झाकणावर तळहात ठेवला. ते कोमट होतं, थरथरत होतं. हाताला कोमट लागलं, एवढंच.

घरी जाताना कोरीनकडे थांबलो. कुलूप टेबलावर ठेवलं.

"चालली?" तिने विचारलं.

"चालली."

"पहिल्याच वेळी?"

"नाही. उलटी होती."

तिचा हात थांबला. "म्हणजे जोड उघडले?"

"नाही उघडले. वरच्या बाजूने बदललं. तसंही चालतं."

ती कुलपाकडे बघत राहिली. "त्याने तपासायच्या आधीच सगळं बंद करून टाकलं असणार."

"हो."

"शहाणा," ती म्हणाली, आणि हसली. खोकल्यासारखं काहीतरी निघालं तिच्यातून. मग तिने तव्यावरचं घावन माझ्या ताटलीत घातलं.

"जेवलात?"

"जेवलो."

"तरी खा."

मी एक घास घेतला. मग दुसरा.

"मीठ जास्त झालंय," मी म्हणालो.

"माहीत आहे," ती म्हणाली. "गेला आठवडाभर होतंय."