विहिरीत ऐकू आलेलं क्रियापद

मी एक जुनं क्रियापद आहे, मित्रांनो. गागाउझ भाषेतलं. चेकमॅ माझं नाव, म्हणजे ओढणे. मूळ धातू 'चेक', पण बँकेशी माझा काडीचा संबंध नाही. माझा जन्म कुणी पाहिला नाही. घोड्यांवरून पश्चिमेकडे निघालेल्या तुर्की टोळ्यांच्या तोंडी मी होतं. पुढे डॅन्यूब नदी ओलांडली आणि गागाउझ लोकांबरोबर पलीकडच्या बुजाक नावाच्या माळावर येऊन राहिलं.

इथे मला कामाची ददात नव्हती. विहिरीतून पाणी ओढायचं, पिंपातून वाइन ओढायची, बोलवा चेकमॅला. दुष्काळ पडला तेव्हा भूक सोसायलाही लोकांनी मलाच जुंपलं. सोसणे हाही माझा अर्थच आहे. कौतुक कुणी केलं नाही, मीही मागितलं नाही.

मग तरुण मंडळी मॉस्कोला कामाला गेली आणि रशियन बोलत परतली. गावातल्या किरानाबाईचा मुलगा पानायोत त्यातलाच. सुट्टीवर आला, पण आई काहीही विचारो, उत्तर रशियनमध्ये.

"आपल्या भाषेत बोल की रे. जीभ झिजते का तुझी?"

"तुला समजतंय ना? मग झालं तर," तो रशियनमध्येच म्हणाला.

तिला समजत होतं. तरी ती चुलीकडे तोंड करून बसली. तिच्या मनाला फार लागलं होतं.

शनिवारी पानायोत विहिरीतला गाळ काढायला उतरला. वर रहाट किराना फिरवत होती. गाळाने भरलेली बादली अर्ध्यावर आली आणि रहाटाचा दांडा तिच्या हातून निसटला. बादली थेट त्याच्या डोक्याच्या दिशेने सुटली. विचार करायला वेळच नव्हता. त्याच्या तोंडून मीच बाहेर पडलं.

"चेक, आई, चेक!"

किरानाने दोर धरून अंग मागे झोकून दिलं. बादली त्याच्या टोपीला घासून थांबली.

तो वर आला तेव्हा तिचे तळहात सोलवटले होते.

"मेल्या, आठवडाभर पाहुणा जेवत होता माझ्याकडे," ती म्हणाली. "आज लेक आला."

पानायोत चिखलातच बसला. "हात दाखव, आई," तो म्हणाला. आपल्या भाषेत.

मित्रांनो, शब्दकोशात मी सुखरूप आहे, पण तिथे मला काही काम नसतं. तुमच्या घरातही माझ्यासारखे जुने शब्द असतील. त्यांना रोज कामाला लावा. आईशी तिच्या भाषेत बोलण्यासाठी विहिरीत उतरायची वेळ येऊ देऊ नका.