वीतभर वायर

सोनालीनं वीतभर लांबीची जोडवायर रेकॉर्डरमधून उपसली, टोकावर फुंकर मारली आणि पुन्हा खोचली. मग हेडफोन कानाला लावून तोच तुकडा परत ऐकला. ‘मेंढरं निघाली पाण्याला, पाणी गेलं...’ इथवर आबांचा आवाज येत होता. पुढचा ‘तळाला’ नव्हताच. तिथं नुसता श्वास होता आणि बारीक घरघर.

“आलं का?” आबांनी विचारलं. पैरणीच्या गळ्याला माइक चिकटवलेला, दोन्ही हात मांडीवर, असे ते भिंतीला टेकून बसले होते. फोटोला बसवलेला माणूस बसतो तसे.

“आलं की. शेवट तेवढा जातोय. वायरच गडबड करतीय.”

“मग बरं. मला वाटलं, माजंच काय चुकलं.”

सोमवारी आबांच्या घशाचं ऑपरेशन होतं. स्वरयंत्र काढावं लागेल, जीव वाचेल पण आवाज राहणार नाही, असं डॉक्टरांनी आडपडदा न ठेवता सांगितलं होतं. आबा ‘बरं’ म्हणाले आणि बाहेर येऊन त्यांनी चहा मागितला. आई गावी मेंढरांपाशी, आबा इथं शहरात, भवानी पेठेतल्या सोनालीच्या भाड्याच्या खोलीत, आणि तिच्या हातात काही नाही. निदान आवाज तरी धरून ठेवू म्हणून तिनं ऋतुजा नावाच्या मैत्रिणीकडून रेकॉर्डर आणला होता. माइक होता फोनचा, तो रेकॉर्डरला थेट चालेना. म्हणून मध्ये ही वायर आली होती.

शेजारचे यंत्रमाग आज बंद होते, त्यामुळं खोलीत शांतता होती. सिद्धाप्पाकाकांना तिनं मुद्दाम बाहेर जिन्यात बसवलं होतं. आबा तरणे होते तेव्हापासून काका त्यांच्यामागं झील धरत आले. आबांनी ओवीची ओळ सोडायची, काकांनी तिचा शेवट उचलून पुढं न्यायचा. काल आबांना भेटायला म्हणून ते सांगोल्याकडनं एसटीनं आले होते. पण सोनालीला फक्त आबांचा आवाज हवा होता.

“एकट्यानं ओवी म्हनत्यात व्हय?” आबा कुरकुरले होते. “आन आवाजाचं म्हनशील, तर बोलताना बसतूय, पर ओवीत सुटतूय बग. परवाच्या जत्रंत ऐकायला पायजे हुतंस.”

आणि लेकीसाठी ते एकटेच गायले होते.

वायर बदलून आणते, असं सांगून सोनाली माइक, रेकॉर्डर, हेडफोन सगळं घेऊन निघाली. काकाही पायात वहाणा सरकवून तिच्या मागं आले. कोपऱ्यावर गुरुशांतचं दुकान होतं. मोबाइलची कव्हरं, चार्जर आणि वायरींची जाळी लटकलेली. त्यानं जोडवायर उलटसुलट करून पाहिली.

“ताई, एवढ्याशा वायरनं काय आवाज पडत नाय. खराब असली तर खरखरेल, न्हायतर बंदच पडेल.”

“शेवटचे शब्द खाते ती.”

“असं कसं?” तो हसला. “बोला बरं काहीतरी. तपासूनच टाकू.”

सोनालीनं माइक काकांपुढं धरला. “काका, मघाची ओळ म्हणा.”

काका अवघडले. मग त्यांनी एक हात कानाला लावला आणि ओळ सोडली. रस्त्यावरची दोन माणसं थांबून बघायला लागली. तीच वायर, तोच माइक. सोनालीनं रेकॉर्ड न करता हेडफोनमधून नुसतं ऐकलं. ‘तळाला’ अख्खाच्या अख्खा आला होता, त्याच्यामागचा हेलसुद्धा.

“बघा,” गुरुशांत म्हणाला. “वायरीत काय नाय.”

“दुसरी द्या,” सोनाली म्हणाली.

त्यानं तिच्याकडे पाहिलं आणि जाळीतून दुसरी काढून दिली.

परत येताना काका जिन्याच्या पहिल्या पायरीवरच बसले. सोनाली समोर उभी राहिली.

“तुमाला म्हाईत होतं,” ती म्हणाली.

“दोन सालं झाली,” काका म्हणाले. “त्येचा दम पुरंना. मग मी शबूद अगुदर उचलाया लागलू. आदी एक, मग दोन. आता अर्दी ओळ मीच म्हनतू. ऐकनाराला कळत न्हाय.”

“आन आबांना?”

“दोगांचा आवाज एकात मिसळला की गानाराला काय कळतंय? त्येला वाटतंय, आपलाच सुटलाय.” त्यांनी पटक्याच्या टोकानं तोंड पुसलं. “मी तरी काय करनार हुतू, पोरी?”

सोनालीला त्यांचा राग आला, आणि लगेच त्या रागाचीच लाज वाटली.

वर आबा आहे त्याच जागी बसून होते. माइक काढला तरी हात मांडीवरच.

“निघाली का खराब?”

“निघाली,” ती म्हणाली. “नवी आणलीय. आन आबा, काकांनाबी बसू द्या समोर. तुमी म्हणत होता तेच बरोबर. एकट्यानं होत न्हाय.”

आबांचा चेहरा खुलला. काका समोर मांडी घालून बसले, आबांकडे न बघता. तिनं माइक दोघांच्या मध्ये ठेवला. आबांनी ओळ सोडली, काकांनी ती अर्ध्यातच अलगद उचलली आणि ओवी धावायला लागली. आबांचे ओठ शेवटपर्यंत हलत होते, मान डुलत होती. खोली भरून गेली. डोळे मिटले तर वाटावं, चाळिशीचा गडी गातोय.

ओवी संपल्यावर आबांनी स्वतःच हेडफोन मागून घेतला आणि कानावर दाबून सगळी ओवी ऐकली.

“बग,” ते म्हणाले. “म्हनलं न्हवतं, ओवीत सुटतूय म्हनून?”

काका खिडकीबाहेर बघत होते.

“आता ते मगाचं पुसून टाक. खराब वायरीचं.”

“असू दे की आबा. कुठं जागा अडलीय?”

“न्हाय न्हाय. उद्या मी बोलनार न्हाय. मागनं कुनी ते ऐकलं तर म्हनंल, महिपतीचा आवाज असा हुता. पूस. माज्यासमोर पूस.”

तिनं रेकॉर्डर हातात घेतला. पुसल्यासारखं करावं, असंही मनात येऊन गेलं. पण हेडफोन अजून त्यांच्या कानावर होता.

“पुसलं का? लाव बरं.”

नाही म्हणायचं, तर का नाही ते सांगावं लागलं असतं. सोमवारच्या आधी ते सांगणं तिच्यानं होणार नव्हतं. सोनालीनं बटण दाबलं. ‘नक्की पुसायचं का’ असं रेकॉर्डरनं एकदा विचारलं, तिनं पुन्हा दाबलं. मग उरलेलं एकच रेकॉर्डिंग तिनं पहिल्यापासून लावलं.

आबा डोळे मिटून ऐकत राहिले. ऐकता ऐकता त्यांनी हात पुढं करून तिच्या हातावर थोपटलं.

“ऱ्हायला बग माजा आवाज,” ते म्हणाले.

“व्हय आबा,” सोनाली म्हणाली.